पायी अंतरावरची पेठ : परभणीच्या जुन्या बाजारवस्तीचा इतिहास

जैन साधू-साध्वींचा विहार पायी असतो. चातुर्मासासाठी एखाद्या गावी त्यांचा मुक्काम पडला, की पुढचे चार महिने त्यांचा सारा व्यवहार पायी जाता येईल एवढ्या परिघात चालतो. श्वेतांबर साधू-साध्वी गोचरीसाठी घरोघर जातात. दिगंबर मुनींच्या आहारासाठी श्रावक आपल्या घरी चौका लावतात. दोन्ही परंपरांत श्रावकांची घरे मंदिराच्या किंवा स्थानकाच्या जवळ असावी लागतात. मराठवाड्यातील जैन मंदिरे आणि स्थानके गावाच्या शांत कडेला न उभी राहता भर बाजारपेठेत का उभी राहिली, याचे उत्तर या एका गोष्टीत सापडते. श्रावक व्यापारी होते, त्यांची घरे दुकानांच्या मागे किंवा माडीवर होती आणि धर्मस्थानही तेथेच आले. साहजिकच त्या धर्मस्थानाचे शेजारी केवळ जैन नव्हते. ज्या ज्या समाजाला बाजाराची गरज होती आणि ज्याची बाजाराला गरज होती, ते सारे त्याच गल्ल्यांत राहत होते. परभणीच्या जुन्या बाजारवस्तीचा इतिहास हा अशा शेजाराचा इतिहास आहे.

प्रभावतीनगरी आणि परिसर

परभणीचे प्राचीन नाव ‘प्रभावतीनगरी’ असल्याचे परंपरा सांगते. येथे प्रभावती देवीचे मोठे मंदिर होते आणि त्या देवीवरून नगरीला नाव मिळाले, असे मानले जाते. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांनी समृद्ध केलेल्या या काळ्या मातीच्या प्रदेशात धर्मांच्या अनेक धारा प्राचीन काळापासून एकत्र नांदत आल्या. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. चारठाण्याची मंदिरे यादवकालीन शिल्पवैभवाची साक्ष देतात. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या लेण्यांत भगवान नेमिनाथांची आणि लहानशा पाषाणावर तोललेली भगवान पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. पूर्णेकाठच्या उखळद येथून नवागड येथे आलेली भगवान नेमिनाथांची मूर्ती आजही दूरदूरच्या भाविकांना खेचून आणते. म्हणजेच जैन समाज या जिल्ह्यात व्यापाराच्या निमित्ताने अलीकडे आलेला पाहुणा नव्हे. त्याची मुळे येथील मातीत फार खोल गेलेली आहेत.

मात्र परभणीच्या पेठेतील जैन समाज एकजिनसी कधीच नव्हता. सैतवाळ आणि जैन कासार ही मंडळी मराठीभाषक, पिढ्यान्‌पिढ्या येथलीच. ओसवाल आणि खंडेलवाल यांची कुळे मारवाड-राजस्थानातून आलेली. घरात मारवाडी आणि दुकानात मराठी बोलणारी. गुजरात-कच्छकडून आलेल्यांची बोली आणखी निराळी. कोणी दिगंबर, कोणी मूर्तिपूजक श्वेतांबर, तर कोणी स्थानकवासी. पेठेची विविधता अशी प्रत्येक समाजाच्या आतही होती, आणि स्वतःच्या समाजातील भेद रोज सांभाळणाऱ्यांना शेजाऱ्याचा वेगळेपणा फारसा परका वाटत नसावा.

रेल्वे, कापूस आणि पेठेची वाढ

निजामाच्या हैदराबाद संस्थानात परभणी हे जिल्ह्याचे ठाणे होते. जिल्ह्याचा प्रमुख ‘अव्वल तालुकदार’ या नावाने ओळखला जाई. कचेरी आली तसे वकील, कारकून, मुन्शी आणि अर्जनवीस आले. परंतु गावाचे रूप खऱ्या अर्थाने पालटले ते १९०० च्या सुमारास, मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत जाणारी गोदावरी खोऱ्याची मीटरगेज रेल्वे सुरू झाल्यावर. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्थानके पाहता पाहता कापसाची आणि धान्याची बाजारकेंद्रे बनली. त्या वेळी परभणीची लोकसंख्या सुमारे दहा हजार होती. २०११ च्या जनगणनेत तीच ३,०७,१७० झाली.

रेल्वेचा हा काळ आणि ‘छप्पन्नाचा दुष्काळ’ यांचा योग एकच आहे. विक्रम संवत १९५६, म्हणजे इ. स. १८९९-१९०० च्या त्या भीषण दुष्काळाने राजस्थान आणि गुजरात होरपळून निघाले आणि तेथील असंख्य कुटुंबे दक्षिणेकडे वळली. मारवाडी व्यापारी त्याआधीपासूनच निजामी मुलखात होते; रेल्वेने त्यांच्या नातलगांना वाट दाखविली. गावरान कापूस, ज्वारी, करडई आणि कडधान्ये यांचा व्यापार वाढला. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. सरकी वेगळी होऊन रुईच्या गाठी मुंबईच्या वाटेला लागल्या.

पेठेतील स्थळनामे या वाढीची नोंद ठेवून आहेत. जुन्या मराठीत ‘गुजरी’ म्हणजे संध्याकाळी भरणारा किरकोळ बाजार. परभणीचा गुजरी बाजार तो शब्द अजून जपून आहे. शनिवार बाजार आठवडी बाजाराचा वार सांगतो. कच्छी बाजार हे नाव कच्छकडच्या व्यापाऱ्यांची आठवण जागविते, आणि कच्छकडून दक्षिणेत आलेल्या व्यापाऱ्यांत जैन होते, लोहाणा होते तसेच मेमन मुसलमानही होते. ‘मोंढा’ हा तर धान्यबाजारासाठीचा खास मराठवाडी शब्द. स्वातंत्र्यानंतर याच परिसरात गांधी पार्क, सुभाष रोड, शिवाजी चौक ही नावे येऊन बसली. नानलपेठेच्या नावात ऐकू येणारे नानल हे आडनाव हैदराबाद संस्थानातील जनजागृतीच्या इतिहासातही अग्रभागी आहे. संस्थानातील महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूर येथे भरले, त्याचे अध्यक्ष परभणीचे गोविंदराव नानल हे होते. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. १९८१ मध्ये जालना जिल्हा झाल्यावर ते तिकडे गेले.

एकमेकांत गुंफलेले उद्योग

या पेठेत कोणाचेही काम दुसऱ्यावाचून पुरे होत नसे. कुणब्याची बैलगाडी मोंढ्यात आली की मापाडी वजन करी, हमाल पोती उतरवी, आडत्या सौदा जमवी आणि पट्टी करी. मिळालेल्या पैशांतून शेतकरी कापडाच्या दुकानात शिरे, तेथून शिंप्याकडे, कासाराकडे, मणियाराकडे. पिंजारी गाद्या भरी, तेली करडई गाळी, रंगारी लुगडी रंगवी, मोमीन आणि साळी माग चालवीत, धनगर घोंगड्या आणि तूप घेऊन येई, मातंग समाजाचे कारागीर गाडीला लागणारे दोर वळत, बागवान फळे आणि भाजी विकत, अत्तार आणि तांबोळी आपापल्या टपरीवर बसत. जिनमध्ये कापूस निवडणाऱ्या स्त्रियांत दलित आणि मुसलमान घरांतील स्त्रिया असत. जातीच्या उतरंडीचे काच या व्यवस्थेत निश्चितच होते आणि पाण्याच्या घागरीपासून घराच्या उंबरठ्यापर्यंत ते जाणवत. बाजारातील देवघेव म्हणजे समता नव्हे, याचे भान ठेवूनच या सहजीवनाकडे पाहिले पाहिजे. तरीही रोजच्या ओळखीने एक हिशेबी विश्वास निर्माण केला होता.

हा विश्वास किती आवश्यक होता हे त्या काळच्या व्यवहारावरून ध्यानात येते. संस्थानचे चलन ‘हाली सिक्का’, तर ब्रिटिश मुलखातला रुपया ‘कलदार’. सात हाली रुपयांना सुमारे सहा कलदार हा भाव. सरहद्दीवर ‘करोडगिरी’ म्हणजे जकात द्यावी लागे. कचेरीत आणि न्यायालयात १८८४ पासून उर्दू; कुळाच्या घरी मराठी; जुन्या वह्यांत मोडी; मारवाडी पेढीत महाजनी लिपी. कागदावर फसली सन, पंचांगात शके आणि दिवाळीच्या वहीपूजनाला विक्रम संवत. अशा स्थितीत व्यापाऱ्याला उर्दू वाचणारा मुन्शी हवा, मुन्शीला उधारीवर धान्य देणारा व्यापारी हवा आणि दोघांनाही शेतकऱ्याची बोली कळणारा दलाल हवा. १९३० मध्ये हैदराबाद राज्याने कृषी बाजारांसाठी कायदा केला आणि बाजाराच्या नियमनाचा पाया घातला. तरी पट्टीवरच्या आकड्यापेक्षा तोंडच्या शब्दाला मोल होते.

भाषांच्या या मिसळणीतून परभणीची बोली घडली. तिचे साहित्यिक रूप पाहावयाचे असेल तर बी. रघुनाथ यांच्याकडे वळावे. १९१३ साली सातोना येथे जन्मलेले भगवान रघुनाथ कुलकर्णी निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि त्यांचे कर्तृत्वाचे आयुष्य परभणीत गेले. त्यांच्या कवितेवर उर्दू काव्याचे संस्कार स्पष्ट दिसतात आणि ‘आडगावचे चौधरी’सारख्या कादंबरीत निजामी राजवटीतील ग्रामीण जीवन उभे राहते. ७ सप्टेंबर १९५३ रोजी कार्यालयात काम करीत असतानाच त्यांचे निधन झाले. मराठी आणि उर्दू एकाच रस्त्यावर ऐकू येणाऱ्या गावानेच असा लेखक मराठीला दिला.

कसोटीचे प्रसंग

शेजाराची परीक्षा सुकाळात होत नाही. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या दहशतीमुळे संस्थानातील अनेक कुटुंबांनी घरेदारे सोडून वऱ्हाडाकडे आणि सरहद्दीपलीकडच्या इतर भागांकडे धाव घेतली. उमरखेडसारख्या ठिकाणी स्टेट काँग्रेसच्या छावण्या होत्या. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. मराठवाडा मुक्त झाला. परंतु त्यानंतरच्या दिवसांत संस्थानाच्या अनेक भागांत निरपराध मुसलमानांना सूडाची झळ बसली. पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली केंद्र सरकारने पाठविलेल्या मंडळाने या घटनांची नोंद केली. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, जी प्रत्येक पेठेने लक्षात ठेवावी अशी आहे : अनेक ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना आश्रय दिला आणि समव्यवसायी लोकांत ही आपुलकी विशेष दिसली, काही ठिकाणी हिंदू विणकरांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमान विणकरांचे रक्षण केले. एकाच मागाच्या धाग्याने बांधलेली माणसे संकटात एकमेकांना ओळखतात, याचा हा पुरावा होय.

पुढेही असे प्रसंग आले. विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून १९७८ मध्ये मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. २१ नोव्हेंबर २००३ रोजी, शुक्रवारी, परभणीच्या मोहम्मदिया मशिदीत बॉम्बस्फोट होऊन नमाजासाठी जमलेले लोक जखमी झाले. १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्थानकाजवळील डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली; दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि त्यानंतर अटकेतील एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. या घटनांचा उल्लेख स्मरणिकेच्या मंगल पानांवर टाळावा असे कोणास वाटेल. परंतु गावाच्या इतिहासातून दुःखाची पाने फाडून टाकली, तर उरलेल्या पानांवरील गौरवालाही अर्थ राहत नाही.

भाद्रपदाचे दिवस

पेठेचे खरे रूप सणांच्या काळात दिसते. भाद्रपद हा तर अनेक पंचांगांचा संगम. श्वेतांबरांचे पर्युषण संवत्सरीला संपते त्याच सुमारास गणपती बसतात. शुद्ध पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत दिगंबरांचे दशलक्षण पर्व चालते. हिजरी सन चांद्र असल्यामुळे काही वर्षांनी मोहरम किंवा ईद-ए-मिलादही याच दिवसांत येते. २०२३ मध्ये २८ सप्टेंबर या एकाच दिवशी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद आली तेव्हा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मुस्लिम समाजाने आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढला आणि शासनाने २९ सप्टेंबरला सुटी दिली. रस्ता एकच असला की तारखांची अशी देवाणघेवाण करावी लागते, आणि ती करण्याचे शहाणपण जुन्या पेठांतील माणसांना शेजारानेच शिकविलेले असते.

परभणीचा उरूसही या दृष्टीने लक्षणीय आहे. हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस हिजरी महिन्याप्रमाणे वर्षभर न फिरता दरवर्षी फेब्रुवारीच्या आरंभी भरतो. खरिपाचा कापूस घरी आलेला असतो, रब्बी शेतात उभी असते, हातात थोडा पैसा असतो. सर्व धर्मांचे लोक यात्रेला जातात आणि पेठेतील दुकानदार त्या पंधरवड्याची वाट पाहतात. शेतीचा हंगाम आणि श्रद्धा यांची सांगड अशी सहजपणे बसलेली आहे.

विस्तार आणि ओसरती वस्ती

स्वातंत्र्यानंतर गावाची कक्षा रुंदावली. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १८ मे १९७२ रोजी परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. त्याच १९७२ मध्ये राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि खासगी आडतीवरचा कापसाचा व्यापार थांबला. अनेक व्यापारी घराण्यांची पुढची पिढी कापड, किराणा, औषधे आणि बांधकाम साहित्याकडे वळली. मुले डॉक्टर, अभियंते, सनदी लेखापाल झाली. नवा मोंढा वसला, वसमत रोड आणि जिंतूर रोडच्या बाजूंना वसाहती वाढल्या. १९९० च्या दशकात मीटरगेजची ब्रॉडगेज झाली. १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि २०११ मध्ये परभणी महानगरपालिका अस्तित्वात आली.

प्रगतीची ही सारी पावले स्वागतार्हच. पण तिच्या बरोबरीने जुन्या पेठेची घरे रिकामी होऊ लागली. माडीवर राहणारे कुटुंब वसाहतीतील बंगल्यात गेले, खाली दुकान आणि वर गोदाम उरले. दिवसा पेठेत पाऊल ठेवायला जागा नसते, रात्री गल्ली ओस पडते. नव्या वसाहती बहुधा एकेका समाजाच्या झाल्या. ज्या मुलाला शेजारच्या घरातील अजान, आरती आणि प्रतिक्रमण तिन्ही ऐकू येत होते, त्याच्या मुलाला आज यांतील एकच आवाज ओळखीचा आहे.

या बदलाची झळ धर्मस्थानांना प्रथम लागते. श्रावकांची घरे चार-पाच किलोमीटर दूर गेली, तर पायी विहार करणाऱ्या साध्वींनी गोचरीला जावे कोठे? वृद्धांनी रोजच्या दर्शनाला यावे कसे? वाहनाने पर्वाच्या दिवशी गर्दी होते, पण रोजची वर्दळ आटते. आणि ज्या बागवानाला चातुर्मासात कोणते घर पालेभाजी घेत नाही हे न सांगता ठाऊक असे, ज्या दुकानदाराला सूर्यास्तापूर्वी शेजारी जेवायला का उठतो हे समजत असे, त्यांची पुढची पिढी या गोष्टी ऐकीवातूनच जाणते. अशी ओळख पुस्तकातून मिळत नाही. ती एका गल्लीत राहूनच मिळते.

पन्नास वर्षांनंतर

धार्मिक न्यासाच्या सुवर्णमहोत्सवात जीर्णोद्धाराचा विचार होणे स्वाभाविक आहे. दगडांचा जीर्णोद्धार निधीने होतो. शेजाराचा जीर्णोद्धार मात्र वर्तनाने करावा लागतो. पेठेतील धर्मस्थाने नव्या वसाहतींत हलविण्याचा मोह सर्वत्र आहे. तेथे नवे मंदिर अवश्य व्हावे, पण जुने स्थान केवळ कुलूप आणि वार्षिक ध्वजारोहण यांपुरते उरू नये. उन्हाळ्यात बाजारच्या हमालाला आणि खेड्यातून आलेल्या बाईला पाणी देणारी पाणपोई, कोणालाही जात-धर्म न विचारता औषध देणारा दवाखाना, पेठेतील सर्व मुलांसाठी खुली अभ्यासिका ही जैन परंपरेतील दानाचीच रूपे आहेत. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांत ‘अभय’ हे श्रेष्ठ मानले आहे. पेठेतील कोणत्याही माणसाला आपल्या शेजारात निर्भय वाटावे, याहून मोठे अभयदान ते कोणते?

संवत्सरीच्या संध्याकाळी श्रावक एकमेकांना हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात. दशलक्षण पर्वाच्या शेवटी क्षमावाणी साजरी होते. क्षमापनेची ही भावना शास्त्राने स्वजातीयांपुरती मर्यादित केलेली नाही. ती सर्व जीवांसाठी आहे. जुन्या परभणीत सर्व जीवांपैकी निदान शंभर घरे पायी अंतरावर होती आणि क्षमा मागायला चार पावले चालत जाणे पुरत असे. आज अंतर वाढले आहे. तरीही गुजरी बाजाराच्या गल्लीत भाजीवाल्याची हाक, आरतीची घंटा आणि मगरिबची अजान काही क्षणांच्या अंतराने अजून ऐकू येतात. ती चार पावले पुन्हा चालण्याची तयारी असेल, तर या पेठेचा पुढचा इतिहासही सांगण्याजोगा होईल.